घरासाठी सौरऊर्जा निवडताना: आधी बिल, मग गच्ची, मग विक्रेता

गल्लीत एका गच्चीवर पॅनेलं चढली की आठवड्याभरात शेजारच्या चार घरी एजंट येऊन जातो. "किती किलोवॉट बसवायचे?" असं तो विचारतो आणि आपण म्हणतो, "तुम्हीच सांगा." मग तो ३ किलोवॉट सांगतो, कारण अनुदान तिथे सर्वांत जास्त आहे आणि त्याच्या गोडाऊनमध्ये तेच किट तयार पडलेलं असतं. कधीकधी ते बरोबरही निघतं. पण हा आकडा त्याच्या तोंडून येण्याआधी तुमच्या वहीत असायला हवा.

आमच्या घरी सौर बसवताना आणि नंतर नात्यागोत्यातल्या घरांसाठी धावपळ करताना जे कळलं, ते इथे क्रमानं लिहितो आहे. मुख्यतः महावितरणच्या ग्राहकांसाठी, स्वतःचं छत असलेल्या घरांसाठी. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानी, गोव्यात वीज खातं, बेळगावात हेस्कॉम असेल तर केंद्राचं पोर्टल आणि अनुदान तेच राहतं. मीटरचे आणि हिशोबाचे नियम मात्र तिथल्या वीज नियामक आयोगाचे लागतात.

१. बारा महिन्यांची बिलं काढा

एका बिलावरून काही ठरवू नका. मे महिन्याचं बिल बघून घाबरलेला माणूस गरजेच्या दीडपट यंत्रणा घेतो. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो, ॲपवर जुनी बिलंही मिळतात. बाराही महिन्यांची युनिटं एका कागदावर लिहा आणि बेरीज करा.

समजा मे महिन्यात ४२० युनिट, जानेवारीत १९० आणि वर्षाची बेरीज ३,४०० आली. म्हणजे महिन्याला सरासरी २८३. महाराष्ट्रात १ किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास वीज देतं. ही वर्षाची सरासरी आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये यापेक्षा जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर, आणि कोकणात पावसाळ्यात त्याहूनही कमी. २८३ ला १२० नं भागलं की २.४ येतात. या घराला अडीच ते तीन किलोवॉट पुरे. पाच किलोवॉटची शिफारस करणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता बिलातली खरी गंमत बघा. घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार दुपटीहून जास्त आहे, शिवाय सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. सौरची युनिटं वजा होतात ती वरच्या, महागड्या टप्प्यांतून. त्यामुळे २५०-३०० युनिट वापरणाऱ्याला पहिले दोन किलोवॉट भरभरून परतावा देतात. तिसरा त्यामानानं कमी देतो, कारण तो स्वस्त युनिटं वाचवत असतो.

अनुदानाची रचनाही तशीच उतरती आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ₹३०,०००, तिसऱ्याला ₹१८,००० मिळतात. एकूण ₹७८,०००. चौथ्या, पाचव्या किलोवॉटला शून्य. तुम्ही १० किलोवॉट बसवलेत तरी ₹७८,०००च.

वापर महिन्याला १०० युनिटच्या आत असेल तर घाई करू नका. तुमची सगळीच युनिटं स्वस्त टप्प्यातली आहेत, पैसे वसूल व्हायला वेळ लागेल. अशा घरांसाठी आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी केंद्राच्या अनुदानावर राज्याची वेगळी भर घालणारी 'स्मार्ट' योजना आहे. तिची चौकशी आधी महावितरणच्या उपविभागात करा.

अजून एक हिशोब एजंट सहसा सांगत नाही. जास्तीची वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनमध्ये, गेली की ती तुमच्या खात्यावर जमा होते आणि पुढच्या महिन्यात वळती होते, पण हे खातं आर्थिक वर्षाअखेरीस मिटवलं जातं. उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, तेही तुम्ही ज्या दरानं वीज विकत घेता त्याच्यापेक्षा खूप कमी दरानं. म्हणजे थंडीत साठवलेली युनिटं ३१ मार्चला निकाली निघतात आणि एसी सुरू होतो एप्रिलमध्ये. "हिवाळ्यात साठवू, उन्हाळ्यात वापरू" हा बेत आपल्याकडे जमत नाही. वीज विकून कमाई होते म्हणणाऱ्याला हा नियम विचारून बघा.

येत्या दोन वर्षांत एसी, इंडक्शन किंवा विजेवरची स्कूटर येणार असेल तर तेवढी युनिटं बेरजेत आत्ताच धरा. मुलगा शिक्षणाला बाहेर जाणार असेल तर वजाही करा.

२. दुखणं बिलाचं की लाइट जाण्याचं?

ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचं औषध वेगळं आहे. सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात.

ऑन-ग्रिड यंत्रणेत बॅटरी नसते. दिवसा वीज तयार होते, घर वापरतं, उरलेली ग्रिडमध्ये जाते, रात्री ग्रिडमधून परत येते. ही सर्वांत स्वस्त आणि कमी कटकटीची. पण लाइट गेली की हीसुद्धा बंद पडते, भर दुपारी, लख्ख उन्हातसुद्धा. हा बिघाड समजू नका. खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या घरातून तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल, म्हणून ग्रिड गेल्याबरोबर सौरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारं यंत्र) स्वतःहून थांबतो. "सोलार बसवलं तरी पंखा बंद!" ही तक्रार याच अज्ञानातून येते.

ऑफ-ग्रिडमध्ये सगळं बॅटरीवर. लाइनच पोहोचलेली नाही अशा शेतघराला किंवा वाडीला ठीक. गावात-शहरात लाइन असताना याच्या वाटेला जाऊ नका. योजनेचं अनुदानही याला मिळत नाही.

हायब्रिड म्हणजे दोन्ही: ग्रिडला जोडलेली आणि बॅटरीही असलेली. अनुदान फक्त ग्रिडला जोडलेल्या सौर क्षमतेवर मिळतं, बॅटरीचा खर्च पूर्ण तुमचा. आणि तो मोठा असतो.

माझं मत सांगतो. दिवसातून तास-दोन तास लाइट जात असेल आणि घरात आधीपासून साधा इन्व्हर्टर-बॅटरी असेल, तर ऑन-ग्रिड सौर बसवा आणि तो जुना इन्व्हर्टर तसाच ठेवा. लाइट गेली की पंखे-दिवे त्याच्यावर, बिलाचं काम सौरवर. दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. रोज पाच-सहा तास भारनियमन असेल किंवा घरात ऑक्सिजनचं यंत्र, क्लिनिक, घरून काम असं काही असेल, तरच हायब्रिडचा विचार करा.

बॅटरी घ्यायचीच तर आधी मोजा. चार साधे पंखे ३०० वॉट, दिवे आणि राउटर मिळून १०० वॉट. चार तासांचे झाले १.६ युनिट. १५० एएच, १२ व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, पण तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातले निम्मेच वापरावेत. म्हणजे दोन बॅटऱ्या लागल्या. त्याऐवजी पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर पंख्यामागे ३० वॉटच्या आसपास लागतात आणि एका बॅटरीत भागतं. पंखे बदलणं बहुतेकदा बॅटरी वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं. लिथियम बॅटरी महाग, पण पाणी घालायची कटकट नाही आणि ती खोलवर वापरली तरी चालते.

३. गच्चीकडे डिसेंबरच्या नजरेनं बघा

एका किलोवॉटला सावलीविरहित अंदाजे १०० चौरस फूट जागा लागते. सध्याचं ५४० वॉटचं एक पॅनेल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतं. ३ किलोवॉटला अशी सहा. जागा टेपनं मोजा. 'बसतील की' असं डोळ्यांनी म्हणू नका.

जागेपेक्षा सावली जास्त घात करते. पॅनेलं एकामागे एक साखळीत जोडलेली असतात. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तर नुसत्या त्या पॅनेलची नव्हे, साखळीतल्या बाकीच्यांचीही वीज घटू शकते. एजंट गच्ची बघायला येतो उन्हाळ्यात, जेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि सगळंच मोकळं दिसतं. डिसेंबरात पुण्याच्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे ४८ अंशांपर्यंतच चढतो. त्या वेळी वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीइतकी असते, सकाळी नऊला तर दुपटीहून लांब.

तर थंडीत एखाद्या रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीवर जा आणि सावल्यांच्या कडा खडूनं आखून घ्या. पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, डिशची छत्री, शेजारचा नारळ. जो भाग तिन्ही वेळा बिनसावलीचा राहिला, तोच तुमचा. थंडीपर्यंत थांबायचं नसेल तर दक्षिण, पूर्व आणि पश्चिमेला काय काय उंच आहे ते बघा आणि वरचा हिशोब लावा. दक्षिणेचा प्लॉट रिकामा असेल तर तिथे उद्या तीन मजले उठतील हेही धरून चाला.

पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे आणि कल १५ ते २० अंश, हे आपल्याकडे चालतं. कल फार कमी ठेवला तर पावसाचं पाणी खालच्या पट्टीशी साचतं आणि तिथे चिखलाची रेघ बसते. ती पुसूनही पुन्हा येते.

छताचा प्रकारही बघा. स्लॅब असेल तर सोपं. पत्र्याचं शेड असेल तर खालचे अँगल किती गंजलेत ते कुणा फॅब्रिकेटरकडून तपासून घ्या. कौलारू घरावर बसवता येतं, पण वासे-रिपांवर भार कसा देणार हे विक्रेत्यानं कागदावर दाखवलं पाहिजे. नाहीतर अंगणात किंवा गोठ्याच्या पत्र्यावर बसवणं बरं. कोकणात वाऱ्याचा विचार आधी करा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं तेव्हा पत्रे कसे उडाले हे रायगडकरांना सांगायला नको. तिथे उंच सांगाडा टाळा आणि खाऱ्या हवेत टिकणारे स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट मागा.

उंच सांगाड्यावरून आठवलं. घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय गच्ची देऊन टाकू नका. एप्रिलमध्ये कुरडया, पापड, सांडगे घालायला जागा उरली नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. पॅनेलं आठ-नऊ फूट उचलून खाली वाळवणं घालता येतात, पण पोलाद वाढतं, वारा जास्त लागतो आणि धुवायला शिडी लागते. मधला मार्ग म्हणजे गच्चीचा दक्षिणेकडचा भाग वाळवणाला मोकळा आणि मागचा पॅनेलांना.

४. सौर बंब, गोबरगॅस, पवनचक्की: यातलं काही चालेल का?

सौर बंब चालेल, आणि काही घरांत तोच आधी बसवावा. २ किलोवॉटचा गीझर तासभर चालला की २ युनिट गेली. चार-पाच माणसांच्या घरात आंघोळीसाठीच महिन्याला ६०-८० युनिट जातात. शंभर लिटरचा बंब तीन-चार माणसांना पुरतो आणि पॅनेलांच्या मानानं खूप कमी जागेत बसतो. काचेच्या नळ्यांचा स्वस्त असतो आणि थंडीत चांगला तापतो. तांब्याच्या नळ्यांचा सपाट प्रकार मजबूत, पण बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर तो आतून चोंदत जातो, तेव्हा तिथे काचेच्या नळ्याच घ्या. माकडं येतात अशा गावात नळ्यांवर जाळी हवीच.

बंबाचा एक तोटा कुणी बोलत नाही. गच्चीपासून खालच्या न्हाणीघरापर्यंतच्या पाइपातलं गार पाणी आधी सोडून द्यावं लागतं, सकाळी अर्धी-पाऊण बादली. ती बाजूला भरून ठेवा, धुण्याला येते. आणि पाइपाला उष्णतारोधक वेष्टण घालून घ्या, ते प्लंबर स्वतःहून घालत नाही. पावसाळ्यात बंब हात वर करतो, तेव्हा गीझर काढून टाकू नका. पुण्यासारख्या काही महापालिका सौर बंबासाठी मिळकत करात सूट देतात, त्याचा अर्ज करायचा राहून जातो.

गोबरगॅस ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्यानंच बघावा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं आणि रोज कालवायला माणूस. जनावरं चरायला जात असतील तर शेण रानातच पडतं, हिशोबात तेही धरा. एवढं असेल तर घरचा स्वयंपाक निघतो आणि मळी शेताला मिळते. शहरातल्या ओल्या कचऱ्यासाठी पुण्याच्या 'आरती' संस्थेनं विकसित केलेलं छोटं संयंत्र आहे, पण त्याला रोज नेमानं खाऊ घालावं लागतं. चार दिवस गावाला गेलात की गाडी रुसते.

पवनचक्की घरासाठी नको. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्यातल्या साक्रीकडे त्या फिरताना बघून मोह होतो. पण वाऱ्याचा वेग निम्मा झाला की मिळणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते. गावातल्या घरांच्या आडोशात वारा अडतो, वळतो, गिरक्या घेतो. गच्चीवरची छोटी पवनचक्की आवाज जास्त आणि वीज कमी देते.

५. कागदपत्रं जमवा, आणि नावं जुळवा

- अलीकडचं लाइट बिल, थकबाकी शून्य असलेलं. त्यावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक
- आधार कार्ड, आणि कर्ज घेणार असाल तर पॅन
- बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक
- घराच्या मालकीचा पुरावा: घरपट्टी पावती, मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा ८ नंबरचा उतारा, जे असेल ते
- चालू मोबाइल नंबर आणि ईमेल
- गच्चीचा फोटो

यादी लहान आहे. अडतं ते नावांवर. बिल आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या नावावर आणि बँक खातं तुमचं, अशी परिस्थिती निम्म्या महाराष्ट्रात आहे. बिलावरचं नाव आणि अनुदान जमा होणाऱ्या खात्यावरचं नाव एकच असायला हवं. बिल दिवंगत माणसाच्या नावावर असेल तर पहिलं काम वीज जोडणीचं नाव बदलून घेण्याचं; मृत्यू दाखला, वारसांची संमती आणि मालकीचा कागद घेऊन महावितरणकडे अर्ज करा. हे होईपर्यंत पोर्टलला हात लावू नका. 'पाटील सुरेश' आणि 'सुरेश पाटील' एवढ्या फरकावरूनही फाइल परत आलेली मी पाहिली आहे.

बिलावरचा मंजूर भार बघा. सौरची क्षमता त्याच्यापेक्षा जास्त असेल तर भार वाढवावा लागतो. तेही विक्रेत्याला आधीच सांगा.

सोसायटीत राहत असाल तर गच्ची सगळ्यांची. तुमच्या एकट्यासाठी बसवायची तर सोसायटीचा ठराव आणि ना-हरकत पत्र लागतं, आणि ते मिळवणं हे पॅनेल बसवण्यापेक्षा अवघड काम आहे. त्यापेक्षा लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे या सामाईक मीटरसाठी सोसायटीनंच यंत्रणा बसवावी. तिला किलोवॉटमागे ₹१८,००० अनुदान आहे आणि मासिक देखभाल खर्च सगळ्यांचाच उतरतो.

६. पोर्टलवर अर्ज

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा ॲपवर स्वतः नोंदणी करा. नोंदणीला पैसे पडत नाहीत. "सरकारकडून आलोय, नोंदणी शुल्क द्या" म्हणणारा सरकारकडून आलेला नसतो. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येऊ द्या. विक्रेत्याचा मुलगा "मी करून देतो" म्हणाला तरी नंबर आणि ईमेल तुमचा घाला, नाहीतर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातील.

१० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला वेगळा तांत्रिक व्यवहार्यता अभ्यास लागत नाही, मंजुरी धरलीच जाते. मग पोर्टलवरच्या यादीतून नोंदणीकृत विक्रेता निवडायचा. यादीबाहेरच्या माणसाकडून बसवलंत तर अनुदान विसरा.

कर्ज हवं असेल तर बँका ३ किलोवॉटपर्यंत तारणाशिवाय, कमी व्याजानं देतात. 'जनसमर्थ' पोर्टलवरून अर्ज जातो. विक्रेत्यानं दाखवलेला 'सुलभ हप्ता' आणि हे व्याज शेजारी शेजारी लिहून बघा.

७. कोटेशन वाचायला शिका

तीन ठिकाणची कोटेशनं घ्या. ३ किलोवॉटची ऑन-ग्रिड यंत्रणा दीड ते दोन-सव्वादोन लाखांच्या दरम्यान बसते. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना दर लावलेला नाही ना, बघा. 'टोटल पॅकेज' असं एका ओळीत लिहिलेलं कोटेशन परत करा. त्यात हे वेगवेगळं लिहून मागा:

- पॅनेलची कंपनी, मॉडेल, वॉट, संख्या आणि ती डीसीआर आहेत हे स्पष्ट शब्दांत
- इन्व्हर्टरची कंपनी, क्षमता, वॉरंटी किती वर्षं, आणि सर्व्हिस सेंटर कुठल्या गावात
- सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला, न गंजणारा) आहे का, अँगल किती जाडीचे, जमिनीपासून उंची किती
- केबल तांब्याची, कुठल्या कंपनीची, किती चौरस मिलिमीटर
- अर्थिंग तीन वेगवेगळी: डीसी (पॅनेलच्या बाजूची), एसी (घरच्या लाइनची) आणि वीजरोधकाची (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याची)
- नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज मोजणारा), त्याची तपासणी आणि महावितरणचं काम कुणाच्या खर्चात
- पाच वर्षांची देखभाल, त्यात फेऱ्या किती

डीसीआर म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले. अनुदान फक्त त्यांनाच. परदेशी सेल वापरलेली स्वस्त पॅनेलं दिसायला सारखीच असतात, आणि स्वस्त कोटेशनचं गुपित बहुतेकदा हेच असतं. प्रत्येक पॅनेलला अनुक्रमांक असतो आणि डीसीआर आहे की नाही हे त्यावरून ऑनलाइन तपासता येतं. पॅनेलं छतावर चढण्याआधी, खाली अंगणात टेकवलेली असतानाच क्रमांकांचे फोटो काढा.

मोनो पर्क, टॉपकॉन, बायफेशियल या पॅनेलच्या प्रकारांच्या चर्चेत फार अडकू नका. जागा कमी असेल किंवा विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर टॉपकॉनला थोडे जास्त द्यायला हरकत नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांच्या वर तापतं, आणि पर्क पॅनेलची शक्ती प्रत्येक अंशाला ०.३५ टक्क्याच्या आसपास घटते. म्हणजे या चाळीस अंशांच्या फरकानं चौदा टक्के गेले. टॉपकॉनमध्ये ही घट थोडी कमी असते. मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीजही जास्त असं होत नाही, त्याचं कारण हेच.

पंचवीस वर्षांची वॉरंटी म्हणतात ती पॅनेलच्या वीजनिर्मितीची. पॅनेल म्हणून वस्तूची वॉरंटी १०-१२ वर्षांची असते, इन्व्हर्टरची पाच ते दहा. आधी बिघडणारा भाग इन्व्हर्टरच आहे, म्हणून घासाघीस करायची असेल तर त्याच्या वॉरंटीवर करा.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या: थोडे ऑर्डरला, मोठा भाग माल घरी आल्यावर, आणि दहा-पंधरा टक्के नेट मीटर बसून चालू झाल्यावर. हा शेवटचा हप्ता हातात असेपर्यंतच विक्रेता फोन उचलतो. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं, म्हणून "७८ हजार वजा करून देतो" म्हणणाऱ्याकडून नेमकं काय वजा होतंय ते लिहून घ्या.

८. बसवताना गच्चीवर थांबा

काम दीड-दोन दिवसांचं असतं. त्या दिवशी रजा काढा.

स्लॅबला भोकं पाडताना लक्ष ठेवा. माझ्या मावसभावाकडे कामगारांनी वॉटरप्रूफिंग फोडून थेट स्लॅबमध्ये बोल्ट ठोकले. पहिल्याच पावसात देवघराच्या छताला ओल आली आणि विक्रेता म्हणाला, ते आमच्या कामात येत नाही. स्लॅबवर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात सांगाडा बसवणं सुरक्षित. भोकं पाडायचीच तर केमिकल अँकर (रसायनानं भोकात पक्का चिकटवलेला बोल्ट) आणि वरून वॉटरप्रूफिंग, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

अर्थिंगचे तीन खड्डे खरंच खणले जातात का बघा. एकाच रॉडला तिन्ही तारा गुंडाळून मोकळं होणारे बरेच आहेत. इन्व्हर्टर सावलीत, हवा खेळती राहील अशा भिंतीवर, मुलांच्या हाताला येणार नाही इतका उंच. पश्चिमेच्या उघड्या भिंतीवर नको.

गावाकडे अजून एक तपासणी करून घ्या: दुपारी व्होल्टेज किती असतं. ते फार वर किंवा फार खाली गेलं की इन्व्हर्टर ग्रिडपासून तुटतो आणि ऐन उन्हात निर्मिती थांबते. मल्टिमीटरनं दोन-तीन दुपारी मोजून ठेवा. गडबड असेल तर आधी महावितरणकडे लेखी तक्रार द्या.

९. नेट मीटर बसेपर्यंत यंत्रणा चालू करू नका

काम झालं की उत्साहात स्विच टाकायचा मोह होतो. टाकू नका. जुन्या मीटरला दिशा कळत नाही. ग्रिडमध्ये गेलेली वीजही तो वापरलेली म्हणून मोजू शकतो. वीज आपण दिलेली आणि बिलही आपल्यालाच, असा प्रकार होतो.

विक्रेता पोर्टलवर बसवलेल्या यंत्रणेची माहिती भरतो, महावितरणचे लोक येऊन तपासतात, दोन्ही दिशांनी मोजणारा मीटर बसतो आणि कार्यान्वित झाल्याचं प्रमाणपत्र निघतं. त्यानंतर पोर्टलवर बँक खात्याचा तपशील भरला की अनुदान साधारण महिनाभरात जमा होतं. मीटर बसला त्या दिवशीच्या दोन्ही आकड्यांचे, घेतलेल्या आणि दिलेल्या युनिटांचे, फोटो तारखेसह काढून ठेवा.

पहिलं बिल काळजीपूर्वक वाचा. त्यात घेतलेली, दिलेली आणि पुढे ओढलेली युनिटं वेगवेगळी दिसली पाहिजेत. नेट मीटरची नोंद बिलिंगला पोहोचली नसेल तर जुन्या पद्धतीनं सरासरी बिल येतं. वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार भरावाच लागतो, त्यामुळे 'झिरो बिल' हा शब्द शब्दशः घेऊ नका.

चूक दिसली तर उपविभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल. दोन्हीकडे वकील लागत नाही. मीटरचे फोटो, प्रमाणपत्र आणि अर्जांच्या पोचपावत्या लागतात.

१०. नंतरचं काम

पॅनेलं पंधरा दिवसांनी धुवा. कोल्हापूर-सांगलीकडे गाळप हंगामात कारखान्याची काजळी आणि पेटवलेल्या उसाची राख बसते, तेव्हा आठवड्यानं. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळताना, कधीही तापलेल्या काचेवर गार पाणी नाही. मऊ फडका, साबण नको. बोअरचं पाणी वापरलंत तर ते काचेवर वाळू देऊ नका, क्षाराचे पांढरे डाग पडतात. पावसाळ्यात निसर्गच धुतो, पण चिमण्या-पारव्यांनी पॅनेलांखाली घरटी केली आहेत का ते गणपतीच्या आधी एकदा वाकून बघा. तिथल्या केबला त्यांच्या आणि उंदरांच्या तावडीत सापडतात.

इन्व्हर्टरच्या ॲपवर रोजचा आकडा येतो. रोज बघायची गरज नाही. महिन्याच्या एक तारखेला मागच्या महिन्याची एकूण युनिटं वहीत लिहा. दुसऱ्या वर्षी त्याच महिन्याशी ताडून पाहा. पावसाचं कारण नसताना पंधरा-वीस टक्क्यांनी आकडा पडला असेल तर धूळ, नवी सावली किंवा सैल झालेला जोड, यांपैकी काहीतरी आहे. पाच वर्षांच्या देखभालीच्या करारात फुकट बोलावता येतं, तेव्हा भीड बाळगू नका.